कळसूची अट

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर एका मोलकरणीच्या नावानं ओळखलं जातं. शाळेत आपल्याला हे कुणी सांगितलं नाही. शाळेत आपण शिकलो ते एवढंच : कळसूबाई, उंची १६४६ मीटर, जिल्हा अहमदनगर. रिकाम्या जागा भरा, एक गुण. २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, म्हणजे आता जिल्हाही एका बाईच्या नावाचा आणि त्यातलं शिखरही. पण अहिल्याबाई राणी होत्या, त्यांची गोष्ट पुस्तकात आली. कळसू कोण होती, हे पुस्तकात आलं नाही.

अकोले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या गावांमध्ये तिची गोष्ट सांगतात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडायची तिला आवड. हिंडत हिंडत ती इंदोरे गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. कुणी म्हणतं पाटलाचं घर, कुणी म्हणतं कोळ्याचंच. कामाला लागण्याआधी तिनं अट घातली : बाकी पडेल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरी पुष्कळ पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला, केर काढायला सांगितलं गेलं. तिनं ते काम केलं. आणि मग ती सरळ डोंगरावर निघून गेली, ती परत खाली आलीच नाही. जिथं तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, जिथं केर काढला तो काळदरा, आणि ती राहिली तो कळसूबाईचा डोंगर.

मैत्रिणींनो, ही गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाचा. इथं कोणी राक्षस मारलेला नाही, कोणी सती गेलेली नाही, कुणाच्या पातिव्रत्याची परीक्षा झालेली नाही. कामाच्या अटी ठरल्या होत्या, मालकानं त्या मोडल्या, कामगारानं काम सोडलं. एवढीच गोष्ट आहे. आणि ती इतकी मोठी वाटली लोकांना, की त्यांनी महाराष्ट्रातला सर्वांत उंच डोंगर तिला देऊन टाकला.

मी नाशिकमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर काम करते. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तेव्हापासून गेली दहा-अकरा वर्षं वस्त्यांमधून फिरते आहे. आमच्या बैठकांमध्ये दारू, मारहाण, रेशन, मुलांच्या फिया, बचतगटाचे हप्ते हे विषय नेहमीचे. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या १९ जणी कळसूबाईला जाऊन आल्या. त्या सहलीचं वर्णन लिहिण्यासाठी हा लेख नाही. त्या सहलीमुळे दोन प्रश्न माझ्यासमोर नीट उभे राहिले, ते तुमच्यासमोर ठेवायचे आहेत. पहिला, बाईला कारणाशिवाय घराबाहेर पडण्याचा हक्क आहे की नाही? आणि दुसरा, कामाला लागताना अट घालण्याचा हक्क तिला आहे की नाही? मला वाटतं हे दोन्ही एकाच हक्काचे भाग आहेत, आणि आपल्या चळवळीनं त्यातल्या पहिल्याकडे फारच कमी लक्ष दिलं आहे.

रविवार कुणाचा?

जायचं ठरलं तेव्हा पहिली अडचण आली ती वाराची. मी सहज म्हटलं, रविवारी जाऊ. सगळ्या हसायला लागल्या. रविवारी घरोघरी सगळे घरात असतात, नाश्ता उशिरा, जेवण मोठं, पाहुणे असतात, भांड्यांचा ढीग पडतो. ज्या दिवशी नोकरदार माणसाला सुट्टी, त्या दिवशी त्याच्या घरी येणाऱ्या बाईला दुप्पट काम. शेवटी बुधवार ठरला. म्हणजे प्रत्येकीचा एक खाडा. तीन-चार घरी काम असेल तर तीन-चार खाडे. काहींच्या घरी कुरकुर न करता 'जाऊन ये' म्हणाले. काहींचे पैसे कापले गेले. एकीला तर विचारलं, 'तू? डोंगरावर? कशाला?'

पावसाळा संपता संपता कळसूबाईवर शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की लोखंडी शिड्यांपाशी खोळंबून राहावं लागतं. मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या येतात. ती गर्दी ज्यांना रविवार आहे त्यांची आहे. बुधवारी वाट मोकळी होती. डोंगर चढायला कोण येतं, हे आधी वारावरून ठरतं.

आपल्याला रविवार मिळाला तोही आपोआप नव्हे. मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती १८९० साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. त्या मागणीसाठी भरलेल्या हजारो कामगारांच्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्याची नोंद आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. त्या दोघी ज्या सुट्टीसाठी बोलल्या, ती घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत आजही पोचलेली नाही.

आणि हे फक्त मोलकरणीचं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. असं काम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनीही नऊ मिनिटं वाचवून घेतली! दुसऱ्याच्या घरची भांडी घासून आलेल्या बाईला स्वतःच्या घरची भांडी असतातच. पहाटे साडेचारला आमची गाडी निघाली, तेव्हा १९ जणींपैकी बहुतेकींनी घरच्यांचं दोन वेळचं करून ठेवलेलं होतं. म्हणजे त्या उठल्या होत्या दोनला. एक दिवसाच्या सुट्टीची किंमत त्यांनी आदल्या रात्रीच्या झोपेतून भरली होती.

'सहज आलो'

बारी गावातून वाट सुरू होते. पायथ्यापाशी कळसूबाईचं एक देऊळ आहे, ज्यांना वर जाणं होत नाही ते इथूनच नमस्कार करतात. पुढे शेतं, मग चढ, मग कातळ आणि शिड्या. शेवटच्या टप्प्याआधी पाण्याची विहीर. माथ्यावर लहानसं देऊळ, चारी बाजूंना मोकळं आभाळ. एका अंगाला भंडारदऱ्याचं पाणी, एका अंगाला अलंग-मदन-कुलंग. सवयीच्या माणसाला तीन तास पुरतात. आम्हाला पाच लागले.

वाटेत गावातल्या बाया ताक, लिंबूसरबत, पिठलं-भाकरी विकतात. पाण्याचे ड्रम, पीठ, सरपण सगळं डोक्या-खांद्यावर वर न्यायचं, अंधार पडायच्या आत खाली यायचं. अशाच एका बाईनं आमच्यातल्या एकीला विचारलं, 'नवस फेडाया आल्या का?' ती म्हणाली, 'नाही ओ, सहज आलो.' ताकवाली हसायला लागली. 'सहज!' म्हणाली. 'एवढ्या बाया, सहज!'

ती का हसली असेल, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे बाई घराबाहेर पडते तिला कारण लागतं. पाण्याला, सरपणाला, दळणाला, दवाखान्यात, बाजाराला, माहेरी, देवाला, बैठकीला. आता बचतगटाच्या मीटिंगचं एक कारण वाढलं. पुरुष चौकात दोन तास उभा असतो, त्याला 'का उभा आहेस' असं कोणी विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं, त्यातला मुद्दा हाच आहे : रेंगाळण्याचा, काही कामाशिवाय सार्वजनिक जागेत असण्याचा हक्क बाईला हवा. त्यांनी तो शहरातल्या रस्त्यांविषयी मांडला. मला वाटतं तो डोंगरालाही लागू आहे, आणि सधन घरातल्या मुलींपेक्षा वस्तीतल्या बाईला जास्तच लागू आहे. कारण तिचं प्रत्येक पाऊल कामासाठी मोजलेलं असतं.

आमच्या १९ जणींपैकी १४ वरपर्यंत पोचल्या. पाच जणी पायथ्याच्या देवळापाशीच थांबल्या. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला दम लागत होता. आम्ही खाली आलो तेव्हा मला वाटलं होतं त्या कंटाळलेल्या असतील. त्या झाडाखाली लवंडल्या होत्या. एक जण गाढ झोपली होती. दुसरी म्हणाली, 'ताई, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दिवसा झोपले, आणि कुणी उठवलं नाही.' लग्न होऊन २३ वर्षं झाली होती.

म्हणूनच मला गिर्यारोहणाची ती भाषा पटत नाही, शिखर 'सर केलं', 'जिंकलं'. वर गेलेल्या १४ जणी जिंकल्या आणि खालच्या पाच हरल्या, असं कसं म्हणायचं? आमच्या बायका घरी जाऊन म्हणाल्या, 'बाईला भेटून आलो.' हे मला जास्त बरोबर वाटतं. जिची गोष्टच काम नाकारण्याची आहे, तिच्या डोंगरावर तरी कुणी कुणाला कामगिरी विचारू नये.

कुणाला वर जाऊ द्यायचं?

बायका आणि शिखरं यांचा इतिहास काही साधा नाही. जपानच्या फुजी पर्वतावर १८७२ पर्यंत बायकांना माथ्यावर जायला बंदी होती. १८३२ साली ताकायामा तात्सु नावाच्या बाईनं पुरुषाचा वेष करून ते शिखर गाठलं. त्याच देशातल्या जुन्को ताबेईंनी १९६९ मध्ये बायकांचा गिर्यारोहण गट काढला आणि १९७५ साली त्या एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांनाही 'मुलं सांभाळा' असं ऐकावं लागलं होतंच. आपल्या बचेंद्री पाल १९८४ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या. पण जपानातल्याच ओमिने पर्वतावर बायकांना बंदी आजही पाळली जाते.

केरळातल्या अगस्त्यकूडम या १८६८ मीटरच्या शिखरावर बायकांना परवानगी मिळत नव्हती. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितलं की लिंगावरून अशी आडकाठी घालता येणार नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये धन्या सनल वर गेल्या. तिथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या काणी आदिवासींचा, त्यांच्यातल्या बायकांचाही, बायकांनी वर जाण्याला विरोध होता. तो डोंगर त्यांच्या श्रद्धेचा आहे. न्यायालयाचा निकाल मला योग्य वाटतो. तरीही शहरातल्या बाईचा हक्क आणि आदिवासी बाईचं म्हणणं समोरासमोर येतात, तेव्हा आपण नुसत्या टाळ्या वाजवून पुढे जाऊ नये, असंही वाटतं.

कळसूबाईवर अशी अडवणूक आम्हाला कुणी केली नाही. पण बंदी बाहेरूनच यावी लागते असं नाही. चढायला लागण्याआधी दोघी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'ताई, आमची अडचण आहे. चालेल का?' अहिल्यानगर जिल्ह्यातच शनिशिंगणापूर आहे. तिथल्या चौथऱ्यावर जाण्याचा बायकांचा हक्क एप्रिल २०१६ मध्ये मिळाला, त्यासाठी आंदोलनं आणि उच्च न्यायालय दोन्ही लागलं. कायदा १९५६ पासून होता. पण पाळीचा विटाळ मनातून जायला न्यायालयाची तारीख पुरत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की डोंगर चढायला काही हरकत नाही, देवळात जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दोघी माथ्यापर्यंत आल्या. एक उंबऱ्याबाहेर बसली, दुसरी आत जाऊन डोकं टेकवून आली. उतरताना त्यांचं त्यावरून भांडण झालं, आणि त्या भांडणात बाकीच्या १२ जणींनी भाग घेतला. पाळीवरच्या माझ्या सगळ्या शिबिरांत मिळून इतकी मोकळी चर्चा झालेली नाही.

हां, एक गोष्ट मात्र प्रशासनाला स्पष्ट सांगायला हवी. इतकी माणसं ज्या डोंगरावर जातात, तिथं पायथ्याला बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह ही चैन नाही. बायका प्रवासाला निघताना पाणी पीत नाहीत, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. उन्हात चार-पाच तास चढताना पाणी न पिणं हे सरळ आजाराला बोलावणं आहे. डोंगरावर जाण्याचा हक्क म्हणजे तिथं लघवीला जाण्याचीही सोय, असं मी धरते.

आक्षेपांविषयी

हे सगळं मी एका बैठकीत मांडलं तेव्हा कार्यकर्त्या मैत्रिणींनी तीन आक्षेप घेतले. तिन्ही गंभीर आहेत.

पहिला : ही चैन आहे. पोट भरलेल्यांनी डोंगर चढावेत, आपल्यासमोर मारहाणीच्या केसेस पडल्या आहेत. मी म्हणते, मारहाणीच्या केसमध्ये बाई बोलती कधी होते? ठाण्यात, कार्यालयात, टेबलासमोर बसून नाही. त्या दिवशी गाडीत परतताना एकीनं जे सांगितलं ते ती दोन वर्षं बैठकीला येऊन सांगू शकली नव्हती. ते इथं लिहिणार नाही. पण आता त्यावर काम सुरू आहे. विश्रांती ही संघटनेच्या कामातून चोरलेली वेळ नसते, पुष्कळदा संघटना तिथंच तयार होते.

दुसरा : आपण देवळांच्या, देवीच्या नादी लागायचं का? आपली भूमिका धर्मनिरपेक्ष आहे. ती माझीही आहे. पण साप्ताहिक सुट्टी मागताना रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही लोखंड्यांच्या बाजूनं मांडलं गेल्याचं सांगतात. लोकांच्या देवात लोकांचे अनुभव साठलेले असतात. ते वाचायचे की नाही हे आपल्यावर आहे. मला भीती आहे ती वेगळीच. बाईला देवी केलं की तिला द्यायचं देणं फिटलं, असं समाजाला वाटतं. कळसूला शेंदूर लावला, पण तिची अट कुणी पाळली? आपण तिची अट परत उचलली, तर तिची देवी होणं थोडं कमी होईल आणि बाई होणं थोडं वाढेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. आपण ज्याला सुट्टी म्हणतो ते बारीच्या बाईचं काम आहे. आपण रिकाम्या हातांनी चढतो, ती ड्रम घेऊन. खरं आहे. या पट्ट्यातले महादेव कोळी, ठाकर या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हा भाग १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाला, आणि पर्यटक तर आता आता येऊ लागले. पर्यटकाच्या मागे प्लॅस्टिक येतं, दारूच्या बाटल्या येतात, रात्री आरडाओरडा येतो. गावातल्या बाईला त्यातून चार पैसे मिळतात आणि कचराही तिच्याच वाट्याला येतो. पुन्हा केर काढणं आलंच!

यावर उपाय 'जाऊ नका' हा नाही, कारण मग तिचे चार पैसेही जातात. उपाय असा की आपण गिऱ्हाईक म्हणून कसे वागतो ते आपण ठरवावं. त्या दिवशी आमच्यातली एक ताकाच्या ग्लासावरून घासाघीस करायला लागली, तर दुसरीनं तिला दटावलं : 'तुझी मॅडम पगाराला अशीच करते ना? मग? ती ते ताक कुठून कुठवर घेऊन आली बघ तरी.' पैसे पूर्ण दिले गेले. आमचा कचरा आम्ही पिशवीत भरून नाशिकला आणला. या गोष्टी लहान आहेत. मोठी गोष्ट ही की वाहनतळ, प्रवेश-शुल्क, दुकानांच्या जागा, मुक्कामाच्या सोयी याविषयीचे निर्णय होतात तेव्हा गावातल्या बायका ग्रामसभेत असतात का, त्यांचं म्हणणं लिहिलं जातं का? अकोले तालुक्यात काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे पाहावं, त्यांना आपण साथ द्यावी.

पाहुणे आले तर?

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत निकडीचा मुद्दा. हा आपल्या स्वतःच्या घराविषयी आहे. हे मासिक वाचणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी कामाला बाई येते. ती येते म्हणून आपण बैठकांना, मोर्चांना, कार्यालयांत जाऊ शकतो. हे आपल्याला माहीत आहे आणि आपण त्याविषयी कमी बोलतो.

परत येताना गाडीत मी सगळ्यांना विचारलं, कळसूसारखी अट तुम्ही घालाल तर कोणती घालाल? उत्तरं लगेच आली. 'पाहुणे आले तर वरचे पैसे.' 'पोरगं आजारी असलं की पगार कापू नका.' 'महिन्याला चार खाडे पगारी.' 'वेगळा कप नको.' 'कुत्र्याचं मी करणार नाही.' 'गावाला जाता तेव्हा महिनाभर मी काय खाऊ, त्याचा अर्धा तरी पगार द्या.' एकजण बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'दादा घरी एकटे असतील तेव्हा मी येणार नाही.' गाडीत कोणी काही बोललं नाही.

यातली एकही मागणी अवास्तव नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पगार, रजा आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण तो नोंदणी आणि कल्याणाच्या लाभांविषयी आहे. पगार किती, सुट्टी किती, काम कोणतं, हे त्यात ठरत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं, ज्या घरात बाई कामाला जाते ते घरही कामाचं ठिकाण मानलं, तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती दिली. आपल्या वस्तीतल्या किती बायकांना त्या समितीचा पत्ता माहीत आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा ठराव केला. त्यात कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा आधी सांगाव्यात, शक्यतो लिहून द्याव्यात, आणि आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी असं म्हटलं आहे. भारतानं त्यावेळी बाजूनं मत दिलं, पण तो स्वीकारून मंजूर केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करणारी समिती नेमायला सांगितलं. समित्या होत राहतील. आपण त्यांची वाट पाहत बसायचं का?

आम्ही आमच्या घरी एक कागद केला आहे. अर्ध्या पानाचा आहे. कोणती कामं, कोणती नाहीत, किती वाजता, पगार किती आणि दरवर्षी किती वाढणार, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, आजारपणाचे दिवस किती, पाहुणे चारपेक्षा जास्त असतील तर त्या दिवसाचे जास्तीचे पैसे किती, आणि काम सोडायचं किंवा सोडवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. खाली दोघींच्या सह्या, एक प्रत तिच्याकडे. त्याला ना वकील लागतो, ना स्टॅम्पपेपर. कागद लिहिताना सुट्टीचा वार ठरवायची वेळ आली तेव्हा तिनं रविवार मागितला. रविवारी भांडी आम्ही घासतो. माझा नवराही घासतो. त्या ८८ मिनिटांत थोडी भर पडते.

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक गटानं वर्षातून एक दिवस तरी विनाकारण बाहेर जावं. त्याला शिबिर म्हणू नये, त्यात व्याख्यान ठेवू नये, फलक धरून फोटो काढू नयेत. डोंगरच हवा असं नाही, धरण चालेल, समुद्र चालेल, गावाबाहेरचं माळरान चालेल. ज्यांना चढवत नाही त्यांना झोपू द्यावं. त्या दिवशीचा खाडा पगारी असावा यासाठी ज्यांच्या घरी त्या कामाला जातात त्यांच्याशी संघटनेनं आधी बोलावं. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी बाई कामाला येते त्यांनी या तिमाहीत तो अर्ध्या पानाचा कागद करावा. तो करताना काय अडलं, तिनं कोणती अट घातली, आपल्याला कोणती जड गेली, ते मासिकाला कळवा. पुढच्या अंकात त्या अटींची यादीच छापू, नावं न देता.

कळसूनं अट घातली तेव्हा तिच्या पाठीशी संघटना नव्हती, कायदा नव्हता, कागद नव्हता. अट मोडल्यावर तिच्याजवळ एकच मार्ग होता, डोंगरावर निघून जाणं. आजच्या बाईला निघून जाणं परवडत नाही. तिला महिन्याचं भाडं भरायचं असतं. तिला अट मोडल्यावरचा डोंगर नको आहे, अट पाळली जायला हवी आहे. डोंगर सुट्टीच्या दिवसासाठी असू दे.